अकिलीसचा वाटा आणि जासई

‘इलियड’मधले पहिले भांडण ट्रॉयमधल्या शत्रूशी होत नाही, ते आपल्याच छावणीत, आपल्याच राजाशी होते. लुटीतला एक वाटा सैन्याने सर्वांसमक्ष अकिलीसला दिलेला असतो. स्वतःच्या वाट्यावर पाणी सोडायची पाळी आली, तेव्हा अगामेम्नॉन राजा अधिकाराच्या जोरावर अकिलीसचा वाटा काढून घेतो. (हा ‘वाटा’ म्हणजे ब्रिसेइस नावाची बाई. तिला कोणीच काही विचारत नाही. पुढे अकिलीसच्या मित्राच्या, पात्रोक्लसच्या, प्रेतापाशी होमर तिला मन मोकळे करू देतो, एवढेच.) अकिलीसची तक्रार मात्र कुठल्याही काळातल्या कुळाला कळेल: राबायचे आम्ही, वाटणीला बसलात की मोठा हिस्सा तुमचा.

उरणजवळच्या जासई गावाला हे महाकाव्य समजावून द्यायला प्राध्यापकाची गरज पडू नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या फेऱ्यात आल्या. भातखाचरे, मिठागरे, खाडीकाठची खारजमीन, सगळेच नकाशावर एका रंगात रंगले. शेतकरी उठले ते दर आणि हिस्सा या दोन्हींसाठी. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पाच जण गेले. लढ्याचे नेते होते जासईचेच सुपुत्र, वकील आणि शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी दि. बा. पाटील. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, हे तत्त्व या लढ्यातून आले. गावात त्याला आजही नुसते ‘साडेबारा टक्के’ म्हणतात. बाकीचे सांगावे लागत नाही.

‘साडेबारा मिळाले ना, आता आणखी काय हवे?’ असे शहरातली शहाणी मंडळी विचारतात. त्यांनी ‘इलियड’चा नववा सर्ग जरूर वाचावा. लढाई अंगाशी आल्यावर अगामेम्नॉन तडजोडीला तयार होतो आणि मोबदल्याची यादी पाठवतो: सात तिवया, दहा टॅलंट सोने, वीस चकचकीत कढया, शर्यती जिंकलेले बारा घोडे, हातकामात कुशल अशा सात स्त्रिया, ब्रिसेइस परत, शिवाय राजाची एक मुलगी आणि आंदण म्हणून सात भरभराटीची गावे. आजच्या कुठल्याही पुनर्वसन पॅकेजला लाजवील अशी यादी आहे. वाचणाऱ्याला वाटते, घे की बाबा! पण यादीच्या शेवटी राजाने एक शेपूट जोडलेले असते: आता त्याने नमावे, कारण मी त्याच्याहून मोठा राजा आहे. निरोप घेऊन जाणारा ओडिसियस बाकीची यादी जवळजवळ जशीच्या तशी म्हणून दाखवतो आणि हे शेपूट तेवढे शिताफीने गिळतो. मध्यस्थ म्हणून मुरलेला माणूस! तरीही अकिलीसला वास येतोच. मनात एक आणि ओठांवर दुसरे असणाऱ्या माणसाचा आपल्याला तिटकारा आहे, असे तो उत्तराच्या सुरुवातीलाच ऐकवतो आणि सगळी यादी परत पाठवतो. राजा स्वतः आलेला नसतो. चूक झाली हे त्याने आपल्या सरदारांपुढे कबूल केलेले असते, अकिलीससमोर नाही. सरकारी मोबदल्याच्या पत्रातही हे शेपूट नेहमी असते, फक्त ते छापलेले नसते: आम्ही दिले म्हणून तुम्हाला मिळाले.

होमर रागालाही मोकळे सोडत नाही. अकिलीस रुसून बसतो आणि प्रेते पडतात ती त्याच्याच बाजूची; शेवटी जिवलग पात्रोक्लसही जातो. ताणायचे किती, हा हिशेब प्रत्येक आंदोलनाच्या नेत्याला करावाच लागतो.

आता नावाविषयी. नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव द्या म्हणून १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली. दि. बां.च्या स्मृतिदिनी, २४ जूनला, हजारो लोक सिडकोवर चालून गेले. तेव्हाही काहींनी नाके मुरडली: नावात काय ठेवले आहे? ग्रीक वीरांच्या दुनियेत सगळे नावातच ठेवलेले आहे. घरी परतून म्हातारपण पाहायचे की इथे मरून मागे कीर्ती ठेवायची, हीच निवड अकिलीसपुढे आहे. आणि नाव फक्त राजांचेच राहत नाही. दोन ओळींपुरता येऊन मरणारा साधा शिपाईही कुणाचा कोण, कुठल्या गावचा, हे होमर बहुधा सांगूनच त्याला मारतो. सिमोइसिओस नावाच्या पोराचे बघा. आई आपल्या आईबापांबरोबर मेंढरे पाहायला गेली होती, परतताना नदीकाठी बाळंत झाली, म्हणून नदीचेच नाव मुलाला मिळाले. आयासच्या भाल्याने तो पडतो, आणि आईबापांनी केलेल्या पालनपोषणाची परतफेड राहून जाते. मराठी पूर्ण नाव हेच काम करते. १९८४च्या गोळीबारात गेलेले ते पाच जण पाहा: नामदेव शंकर घरत, चिर्ले. रघुनाथ अर्जुन ठाकूर, धुतूम. कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील, तिघेही पागोटे. विमानतळाला एकट्या नेत्याचे नाव देऊन भागणार नाही. ही पाच नावे, बापाच्या नावासह आणि गावासह, प्रवाशांच्या नजरेला पडतील अशी तिथे लागली पाहिजेत.

एका बाबतीत मात्र जासई होमरच्या पुढे आहे. ग्रीकांच्या सभेत थर्सिटीस नावाचा सामान्य शिपाई उठून राजाला लोभी म्हणतो. अकिलीस जे बोलला होता, साधारण तेच. पण होमर त्याला कुरूप, वाकड्या खांद्यांचा रंगवतो, ओडिसियस त्याच्या पाठीत राजदंड हाणतो आणि बाकीचे शिपाई हसतात. मान हा सरदारांचाच, हे त्या काव्याने धरून ठेवलेले मूल्य. दास्तान फाट्यावर बोलायला उभे होते ते सगळे थर्सिटीसच्या जातकुळीतले, आणि पाच वेळा आमदार झालेला दि. बां.सारखा माणूस त्यांच्या बाजूने उभा होता.

‘ओडिसी’त मेलेला अकिलीस पाताळात भेटतो, तेव्हा त्याचा सूर बदललेला असतो. मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या जमीन नसलेल्या गरिबाकडे मजुरीला राहणे बरे, असे तो म्हणतो. त्या समाजात याहून खालची पायरी त्याला सुचत नाही. उरण-पनवेल रस्त्यावरच्या कंटेनर यार्डांच्या फाटकांवर कंत्राटी कामाला उभ्या असलेल्या, आजोबांचा सातबारा गमावलेल्या पोरांना ही पायरी ओळखीची आहे. नावाच्या मागणीमागे त्यांची गर्दी वापरून घेतली जाते. त्यांच्या कायम नोकरीचा आणि गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या घरांचा विषय निवडणुकीपुरता निघतो आणि पुन्हा कपाटात जातो. १६ जानेवारीला हार घालायला येणाऱ्या पुढाऱ्यांना भाषणाआधी हे दोन प्रश्न तिथेच विचारायला काय हरकत आहे?