मोबाईलवरचा एक्यूआय आणि घरातली कॉईल

मागच्या आठवड्यात नाक्याजवळच्या चाळीतल्या एक काकू खोकला घेऊन आल्या. महिन्याभरातली तिसरी खेप. सोबत मुलगा होता. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला, "डॉक्टर, हा बघा आजचा ठाण्याचा एक्यूआय. आई खोकणार नाही तर काय?"

मी काकूंना विचारलं, रात्री डासांसाठी काय लावता?

"कॉईल. दारं-खिडक्या बंद करून. नाहीतर काय उपयोग!"

सकाळी त्याच खोलीत देवापुढे धूप, नंतर त्याच खोलीत फोडणी. त्या मोबाईलमधल्या आकड्यात या तिन्हींपैकी एकही धूर मोजलेला नव्हता. तो आकडा बाहेर बसवलेल्या यंत्राचा. काकू बाहेर असतात ते भाजी आणायला, जेमतेम तासभर.

वाचकहो, माझं भांडण याच गोष्टीशी आहे. आपण हवा बाहेर मोजतो, तिच्यावरून बाहेर भांडतो, आणि श्वास मात्र घरात घेतो.

जरा हिशेब करू या. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २५ घनमीटर हवा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस त्यांच्या वीस-तीस पट जाड असतो. हे कण नाकाला आणि घशाला चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. आपल्या देशात बाहेरच्या हवेसाठी यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ सांगते, पण आपण आपलीच सैल मर्यादा धरू. ६० गुणिले २५ म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच दीड मिलिग्रॅम. बारीक मिठाचे वीस-पंचवीस कण तळहातावर घ्या, साधारण तेवढंच वजन. एवढे कण हवेत तरंगले की अख्खी खोली मर्यादेला टेकते.

आता कॉईल. चीन आणि मलेशियातल्या कॉईल जाळून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एका कॉईलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. आमच्या काकूंनी आयुष्यात सिगारेट हातात धरलेली नाही.

हे सगळं शास्त्राला ठाऊक नाही असं नाही. अमेरिकेतले कर्क स्मिथ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या बायका किती धूर घेतात ते मोजत होते. घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा साधारण हजारपट जास्त प्रमाणात कुणाच्या तरी फुप्फुसात जातो, हा त्यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे. आणि तेवढं लांब तरी कशाला जायचं? पवईची आयआयटी आपल्या शेजारी आहे. तिथल्या प्रा. चंद्रा वेंकटरामन यांच्या गटाने लाकूड, शेणी, काडीकचरा जळताना काय काय बाहेर पडतं यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१८ साली हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटसोबत आयआयटी मुंबईने जो अहवाल केला, त्यात २०१५ मध्ये भारतात बाहेरच्या पीएम २.५मुळे झालेल्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ११ लाख होता. त्यातले जवळपास २ लाख ६८ हजार घरगुती चुलींच्या धुराच्या खात्यावर होते. कारखाने, वाहनं, वीजकेंद्रं यांपैकी कुणाचाही वाटा एवढा नव्हता. लक्षात घ्या, हा हिशेब घराबाहेर पडलेल्या धुराचा आहे. आत कोंडलेल्या धुराचे बळी वेगळे.

तंत्रविद्यापीठांच्या माहितीपत्रकांत 'संशोधनाची बलस्थाने' अशी यादी असते. घरातील हवेची गुणवत्ता हा विषय त्यात हल्ली हमखास दिसतो. मला त्या यादीचा राग नाही, अभिमानच आहे. पण बलस्थान कुणाचं? संशोधकाची बढती इंग्रजी शोधनिबंधांवर ठरते, चाळीतल्या भिंतीवर लावलेल्या मराठी कागदावर नाही. तो कागद लिहिण्याचे गुण कुठेच मिळत नाहीत, म्हणून तो लिहिला जात नाही. त्याहून मोठी गोची अशी की बाहेरच्या हवेला मर्यादा आहे, मंडळ आहे, नोटीस आहे. घरातल्या हवेला कायद्याने बांधलेली मर्यादाच नाही. आकडा कितीही वर गेला तरी जाब विचारायचा कुणाला?

आणि हा प्रश्न फक्त चाळींचा आहे असं समजू नका. घोडबंदरच्या टॉवरमधून येणारे रुग्णही तेवढेच खोकतात. तिथे स्वयंपाकघराची खिडकी अंधाऱ्या डक्टमध्ये उघडते. ओट्यावर चिमणी असते, पण पुष्कळ ठिकाणी तिला बाहेर जाणारा पाइपच नसतो. ती तेलाची वाफ जाळीतून गाळून उरलेली हवा घरातच परत सोडते. बेडरूममध्ये स्प्लिट एसी. तो ताजी हवा आत आणतो अशी अनेकांची पक्की समजूत आहे. तो तीच हवा थंड करून फिरवतो. मग एअर प्युरिफायर येतो, आणि त्याच्या शेजारी अगरबत्ती! नळ चालू ठेवून फरशी पुसत बसायचं.

"मग काय डॉक्टर, डेंग्यू होऊ द्यायचा?" असं तुम्ही विचाराल. अजिबात नाही. मच्छरदाणी लावा, तिला धूर नाही. धूप-कापूर खिडकीपाशी, खिडकी उघडी ठेवून. नवरात्रात इथल्या देवीच्या मंडपात धूप जळतो तो भर रस्त्यावर, तुमच्या देवघराला तेवढं आभाळ नाही. फोडणीच्या आधी एक्झॉस्ट लावा आणि स्वयंपाक झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. रस्त्यावर गर्दी कमी असते तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. दम्याचा पंप मात्र यातलं काही केलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पण एवढ्यावर सुटका नाही. काकूंच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती गटारावर उघडते. डास तिथूनच येतात. ते गटार झाकणं काकूंचं काम नाही, पालिकेचं आहे. इमारतीला परवानगी देताना स्वयंपाकघराची हवा नेमकी जाते कुठे हे प्रत्यक्ष बघणंही पालिकेचंच काम. आणि विद्यापीठांकडे माझं मागणं साधं आहे: हवा मोजायची यंत्रं पालिकेच्या शाळांमधून आठवडाभरासाठी घरोघरी द्या, आणि आलेला आकडा त्या घरातल्या बाईला मराठीत समजावून सांगा.

आम्हा डॉक्टरांनाही सोडत नाही. काकूंच्या आधीच्या दोन खेपांना मीच खोकल्याचं औषध लिहून मोकळा झालो होतो. घरात काय जळतं हे विचारलंच नव्हतं. आता केसपेपरवर तंबाखूच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली आहे: कॉईल, धूप, चूल, खिडकी. पुढच्या वेळी याल तेव्हा उत्तर तयार ठेवा.