विंचवाचे बिऱ्हाड आणि सरकारचा पत्ता

भारतातील कोणताही शासकीय अर्ज घ्या. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख यांच्यानंतर एक रकाना हमखास येतो : कायमचा पत्ता. केंद्र सरकारच्या सेवेत तीन दशकांच्या आसपास काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा रकाना भरताना नेहमी मौज वाटते. ज्या गावचा पत्ता मी लिहितो तेथे मी सलग महिनाभर शेवटचा केव्हा राहिलो हे सांगता येणार नाही. आणि प्रत्यक्ष राहतो ते सरकारी निवासस्थान पुढील बदलीच्या आदेशापर्यंतचेच असते. इंदूर, हैदराबाद, दिल्ली वा बंगळूर येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या (किंवा न झालेल्या) वाचकांना हा अनुभव नवा नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण स्वतःविषयी कौतुकाने म्हणतोही. तरी आपला अर्ज कोणी परत करीत नाही. ज्यांचे बिऱ्हाड खरोखरच पाठीवर आहे, त्यांचा मात्र परत केला जातो.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. पत्ता ही राज्ययंत्रणेची सोय आहे. ती नागरिकत्वाची अट नव्हे. व्यवहारात मात्र आपण ती अट करून ठेवली आहे, आणि तीही सर्वांसाठी नव्हे. सधन भटक्याला आपण तिच्यातून वाट काढून देतो. गरीब भटक्याला तिच्याच नावाने दारातून परत पाठवतो. याला प्रशासकीय अडचण म्हणण्याचा शिष्टाचार आता सोडावा. हा पक्षपात आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू, कारण चाकांवरच्या घरात बारमाही राहण्याचा प्रयोग तेथे फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. राहते घर विकून 'आरव्ही'मध्ये, म्हणजे स्वयंपाकघर, शय्या व स्नानगृह असलेल्या मोटारघरात, वर्षभर राहणारी कुटुंबे तेथे हजारोंनी आहेत. हिवाळा दक्षिणेच्या वाळवंटात आणि उन्हाळा उत्तरेच्या डोंगरांत काढायचा, असा त्यांचा क्रम. ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाच्या लहानशा गावाजवळ तेथील केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १९८३ पासून दीर्घ मुक्कामासाठी जमीन राखून ठेवली आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सात महिन्यांचा हंगाम, आणि त्याच्या परवान्याचे शुल्क कित्येक वर्षे अवघे १८० डॉलर होते. सरकार फिरत्या माणसासाठी जागा करू शकते, याचा हा पुरावा.

मग त्यांच्या पत्त्याचे काय? त्याचीही व्यवस्था झाली. साउथ डकोटा राज्यात टपाल स्वीकारून पुढे पाठविणाऱ्या खाजगी संस्थेकडे पेटी भाड्याने घ्यावयाची आणि त्या राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवावयाची. एवढ्यावर वाहन चालविण्याचा परवाना मिळू शकतो. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे 'एस्केपीज' या मोटारघरवासीयांच्या संघटनेने सभासदांच्या टपालाची स्वतःची व्यवस्था उभी केली आहे. साउथ डकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा ही तिन्ही राज्ये या लोकांची आवडती, आणि तिन्ही राज्यांत वैयक्तिक आयकर नाही, हा योगायोग नव्हे. चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार नागरिक कर आणि सेवा यांची तुलना करून आपल्याला अनुकूल अशा स्थानिक शासनाच्या हद्दीत जाऊन राहतो. म्हणजे पायांनी मतदान करतो. विद्यार्थिदशेत हे वाचताना घर, शेती, शाळा सोडून कोण असे जाणार, अशी शंका येत असे. मोटारघरवाल्याने ती शंका चाकांनी सोडविली. साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदार-नोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट घातली खरी. पण मुद्दा असा की, ज्याच्यापाशी निवृत्तिवेतन आहे त्याचा पत्ता अमेरिकेत पैशाने विकत मिळतो.

याच चित्राची दुसरी बाजू त्याच देशात आहे. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर घर गमावलेले अनेक वृद्ध जुन्या व्हॅनमध्ये राहून हंगामी कामे करीत फिरू लागले. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिले. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्करही मिळाले. पडद्यावर या भटकंतीचे कौतुक झाले, रस्त्यावर झाले नाही. लॉस एंजेलिस शहरात वाहनात राहण्यास बंदी करणारा नियम कित्येक वर्षे अमलात होता. तो इतका मोघम होता की २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने रद्द ठरविला. पुढे २०२४ मध्ये ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सार्वजनिक जागेत अंथरूण टाकून झोपणाऱ्याला दंड करणे घटनेत बसते, असा बहुमताने निर्णय दिला. म्हणजे पैसेवाल्याने वाळवंटात गाडी उभी केली तर ते पर्यटन, आणि बेघराने गल्लीत उभी केली तर तो उपद्रव! चाके दोघांच्याही गाडीला चारच.

आता स्वदेशी येऊ. मोटारघर ही कल्पना आपल्याला नवी वाटते, हेच मुळात आश्चर्य आहे. राजस्थानातील गाडिया लोहार शतकानुशतके बैलगाडीत संसार थाटून राहत आले. गाडी हेच घर आणि गाडीशेजारची भट्टी हाच कारखाना. १५६८ मध्ये चितोड पडल्यावर, ते पुन्हा स्वतंत्र होईपर्यंत घर बांधून राहणार नाही, अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असे त्यांची परंपरा सांगते. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू स्वतः त्यांना घेऊन चितोडगडावर गेले आणि ती शपथ समारंभपूर्वक सुटली. शपथ सुटली, रस्ता सुटला नाही. दिल्लीच्या पदपथांवर आजही त्यांच्या भट्ट्या दिसतात, आणि अतिक्रमणविरोधी पथक आले की त्या हलतात.

महाराष्ट्राने या बाबतीत मान वर करावी असेही नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदोपत्री मुक्त झाल्या. राज्याने विमुक्त जाती व भटक्या जमातींना आरक्षण दिले, हे अन्य राज्यांच्या पुढचे पाऊल होते आणि त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या आरक्षणाच्या दाराशी जातीचा दाखला उभा आहे, आणि त्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याची जमात 'भटकी' आहे म्हणून सवलत द्यावयाची, त्यालाच 'तुझा आजा १९६१ साली एका जागी कोठे राहत होता' हे विचारावयाचे! तर्कशास्त्राची याहून मोठी थट्टा मला ठाऊक नाही. सवलतीचे शासन निर्णय निघाले आहेत. पण टेबलामागच्या कारकुनाला आदेशापेक्षा कागद जवळचा वाटतो.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेकरी भटके. फिरता माणूस म्हणजे संशयित, हा १८७१ च्या कायद्याचा धडा राज्याने पुसला तरी समाजाने अजून पुसलेला नाही.

आणि याच काळात आपण काय केले? २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केरळनेही तशी योजना जाहीर केली. वाहनतळ, पाणी, वीज, स्वच्छतागृह या सर्वांचा विचार त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. माझा प्रश्न इतकाच की, सहलीला आलेल्या कुटुंबाच्या गाडीसाठी जे पाणी आणि शौचालय आपल्याला सुचते, तेच पालात राहणाऱ्या कुटुंबासाठी का सुचत नाही?

आम्हां सरकारी नोकरांचे तर विचारूच नये. बदलीच्या गावी गाडीची पुन्हा नोंदणी करण्याचा आमचा त्रास राज्यकर्त्यांना जाणवला, आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बीएच' मालिकेचे क्रमांक सुरू झाले. सैनिकाला त्याच्या तुकडीच्या जागेवरून टपालाने मतदान करता येते. म्हणजे फिरत्या माणसाला हक्क कसे पोहोचवावेत हे शासनाला उत्तम समजते. फक्त तो माणूस शासनाचा असावा लागतो.

यावर माझे सहकारी जे आक्षेप घेतात, त्यांचा परामर्श घेतो. पहिला आक्षेप : पत्ता नसेल तर एकच माणूस दोन ठिकाणी लाभ घेईल. हा आक्षेप वीस वर्षांपूर्वी योग्य होता. आज 'एक देश, एक शिधापत्रिका' ही योजना २०२२ पासून सर्व राज्यांत लागू आहे. एका राज्यातील कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळते आणि दुहेरी उचल यंत्रावर पकडली जाते. अडचण आहे ती पहिले कार्ड मिळविण्याची, आणि तेथे पुन्हा पत्ता आडवा येतो.

दुसरा आक्षेप : त्यांना स्थिर करणे हाच खरा उपाय. ज्याला स्थिर व्हावयाचे आहे त्याला जमीन आणि घर अवश्य द्या. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना त्यासाठीच आहे. पण घर मिळेपर्यंतच्या वर्षांत मुलाने शाळेबाहेर आणि आजीने रेशनबाहेर राहावे काय? शिवाय मेंढपाळाचे किंवा लोहाराचे फिरणे हा त्याचा व्यवसाय आहे. व्यापारी फिरतो त्याला आपण उद्यमशीलता म्हणतो.

तिसरा आक्षेप न बोलता घेतला जातो : हे लोक विश्वासार्ह नाहीत. त्यास उत्तर देण्याची मला आवश्यकता वाटत नाही. फ्रान्सने फिरत्या लोकांवर १९१२ पासून लादलेली विशेष ओळखपुस्तिकांची पद्धत शेवटी २०१७ मध्ये मोडीत काढली. त्याच देशात पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांवर फिरत्या कुटुंबांसाठी मुक्कामाच्या जागेची तरतूद करण्याचे कायदेशीर बंधनही आहे. शंभर वर्षांनी का होईना, शहाणपण येते.

उपाय शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. आपल्याच निवडणूक आयोगाने तो लिहून ठेवला आहे. बेघर माणसाने मतदार-नोंदणीचा अर्ज केला, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने त्याने सांगितलेल्या जागी रात्री जाऊन तो तेथे झोपतो की नाही हे पाहावे; तो झोपत असल्यास कागदी पुरावा मागू नये. किती साधी, किती माणुसकीची तरतूद! हीच रीत शिधापत्रिका आणि जातीच्या दाखल्यास लावावी. टपालासाठी तालुक्याच्या पोस्टाचा पत्ता कायदेशीर मानावा. टपाल पोस्टात राखून ठेवण्याची सोय इंग्रजी अमदानीपासूनची आहे. आणि प्रत्येक तालुक्यात फिरत्या कुटुंबांसाठी पाणी व शौचालय असलेली मुक्कामाची जागा राखावी. कॅराव्हॅनसाठी काढलेले नकाशे तयारच आहेत.

२००६ मध्ये नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर इदाते आयोग झाला. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष मराठी होते. २०२२ मध्ये या समाजांसाठी 'सीड' योजना आली. पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची. आयोगाच्या अंदाजानुसार दहा कोटींच्या आसपास असलेल्या लोकसंख्येवर ही रक्कम वाटून पाहा : माणशी वीस रुपये, तेही पाच वर्षांत मिळून. जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ असा ठरविण्यात आला. बेघरांची गणना रात्री रस्त्यावर जाऊन करण्याची आपली प्रथा आहे. त्या रात्री एखादा गणक पालापर्यंत पोहोचला नाही, तर पुढील दहा वर्षांच्या प्रत्येक योजनेत ते कुटुंब शून्य धरले जाईल. आणि त्या शून्याचे कारण म्हणून फाइलवर लिहिले जाईल, 'पत्ता उपलब्ध नाही'. आपल्यापैकी जे या यंत्रणेत आहेत त्यांनी तो शेरा लिहिण्यापूर्वी एवढे तरी पाहावे, की त्या पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न कोणी केला होता काय.