रोबोट बनवायला मेरिट लागते की दुसरा बोर्ड?

"रोबोट वगैरे आपल्या पोरांचे काम नाही, आधी दहावी पास होऊ द्या." हे वाक्य आम्ही वस्तीबाहेर ऐकले तेवढेच वस्तीतही ऐकले आहे. म्हणून आज भांडण आपल्याच माणसांशी आहे.

नवशिक्याचा पहिला रोबोट म्हणजे काय? एक आर्डुइनो बोर्ड, दोन छोट्या मोटारी, मोटार ड्रायव्हर, अल्ट्रासोनिक सेन्सर, बॅटरी आणि चाके. सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो. प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. अडथळा जवळ आला की बोर्ड मोटारी वळवतो. आठवीच्या मुलीला कळेल एवढेच हे आहे. २००५ साली इटलीत हा बोर्ड तयार झाला, तोच मुळी इंजिनिअर नसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. आराखडा खुला ठेवल्यामुळे त्याच्या स्वस्त नकला बाजारात मिळतात.

मग अडते कुठे? चुकीपाशी. नवशिका हमखास मोटार थेट बोर्डाच्या पिनला जोडतो. पिनला जेमतेम २०-४० मिलिअँपिअर प्रवाह झेपतो, मोटार त्याच्या कित्येक पट ओढते. बोर्ड जळतो. खात्यापित्या घरात बाप दुसरा बोर्ड आणतो आणि पोरगा 'हुशार' ठरतो. आपल्या घरात तेवढ्या पैशात आठवड्याचा भाजीपाला येतो. पोरगी पुन्हा हात लावत नाही आणि 'तिला जमले नाही' असा शिक्का बसतो. दोघांची चूक एकच होती. पुढे ह्यालाच मेरिट म्हणतात!

यंत्राला परके मानणे आपल्याला तर शोभतच नाही. काँग्रेस आणि गांधींवरच्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही आणि फुरसतीशिवाय माणसासारखे जगणे नाही, हा त्यांचा मुद्दा होता. २०१३ चा कायदा असूनही आपली माणसे गटारात गुदमरून मरत आहेत. केरळच्या तरुण इंजिनिअरांनी मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' रोबोट बनवला, त्याचे स्वागतच आहे. पण माणूस स्वस्त मिळतो तोवर ठेकेदार यंत्र कोपऱ्यातच ठेवणार. ज्यांची माणसे त्या गटारात मेली, त्यांनी फक्त यंत्राची वाट बघायची का? ते बनवायचे, चालवायचे आणि त्याचा हिशोबही मागायचा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विहारात एक किट, एक मल्टिमीटर आणि जयंतीच्या वर्गणीतून एक 'जळीत खाते' ठेवा. बोर्ड जळला तर पोरांना रागवू नका. का जळला ते वहीत लिहायला लावा आणि दुसरा द्या. शिकवायला वस्तीतलाच मोबाइल दुरुस्त करणारा किंवा मोटार वाइंडिंग करणारा दादा बसवा. डिग्री नसेल, पण त्याचा हात सर्किटवर बसलेला आहे.

'शिका' म्हणताना चुकायची सोयही आपणच करून द्यायची असते. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती बोर्ड येतात, हे पुढच्या जयंतीच्या मीटिंगमध्ये एकदा मोजून बघा.

जय भीम!