मातीविना शेती : आशा आणि हिशेब

मटकीला मोड आणण्यासाठी माती लागत नाही, हे मराठी गृहिणीस कोणत्याही कृषिविद्यापीठाने शिकविलेले नाही. परंतु मोडास पोसणारे अन्न बीजातच साठविलेले असते. ते संपले की रोपास बाहेरून पोषण लागते. हे पोषण मातीऐवजी पाण्यात विरघळवून दिले तरी रोप वाढते, हे युलियुस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० च्या दशकातच दाखवून दिले. प्रयोगशाळेतले हे कौतुक आता उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील सदनिकांच्या खिडक्यांपर्यंत आले आहे. तयार संच आणि जांभळ्या उजेडाचे दिवे घरपोच मिळतात. घरच्या घरी वर्षभर ताजी भाजी, असे आश्वासनही त्यांबरोबर येते. या आश्वासनात तथ्य किती, हे तपासून पाहिले पाहिजे.

या मोहाची कारणे खोटी नाहीत. उल्हासनगरच्या जेमतेम तेरा चौरस किलोमीटर भूमीवर २०११ च्या जनगणनेत ५,०६,०९८ माणसे मोजली गेली. तेथे परसबागेचे नाव कोणी काढावे? इ. स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या बाजूने वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या रसायनांनी आणि शहरांच्या सांडपाण्याने नाला होऊन गेली आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात या प्रवाहात सोडलेल्या रसायनांमुळे शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले. रुळांकाठी नाल्याच्या पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीविषयी उपनगरी गिऱ्हाइकाच्या मनात संशय आहे, तो उगाच नव्हे. आपल्या पानातील भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे ठाऊक असावे, अशी इच्छा धरणाऱ्यास हौशी म्हणून हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही.

तथापि इच्छा रास्त असली म्हणून उपाय परवडेलच असे नाही. या बाबतीत एक जुना धडा मोलाचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३० च्या सुमारास पाण्यात टोमॅटोची उंचच उंच झाडे वाढवून खळबळ उडविली. 'हायड्रोपॉनिक्स' हा शब्द रूढ केला तोही त्यांनीच. वृत्तपत्रांनी शेतीचे युग संपल्याच्या वार्ता दिल्या. तेव्हा त्याच विद्यापीठाच्या डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी या दाव्यांची पडताळणी केली. १९३८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा : सकस मातीत येते त्याहून फार मोठे पीक पाण्यात येत नाही, उत्पन्नाची मर्यादा बहुधा प्रकाश आणि हवामान ठरवितात. माती वगळता येते, सूर्य वगळता येत नाही.

मध्यमवर्गीय हिशेबाची मेख नेमकी येथेच आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात शंभर वॅटचा दिवा रोज १४ तास लावला, तर महिन्यास ४२ युनिट वीज लागते. युनिटला आठच रुपये धरले तरी ३३६ रुपये झाले. संचाची किंमत, पोषकद्रव्ये आणि पंप यांचा खर्च निराळाच. तेवढ्या पैशांत मंडईतून पालकाच्या किती जुड्या येतात, हे कोणीही कारकून पाठ म्हणून दाखवील. गहू, तांदूळ आणि डाळ खिडकीत पिकत नाहीत, ही गोष्ट तर उघडच आहे.

मग हा उद्योग सोडून द्यावा काय? तसे नाही, तो स्वस्त आणि साधा करावा. शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ च्या सुमारास बंगालमध्ये, कालिम्पाँगच्या परिसरात, महागड्या यंत्रांना फाटा देऊन खडी, वाळू आणि साधी खते यांवर ही पद्धत बसविली. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी तर पंपही काढून टाकला. झाकण लावलेल्या अपारदर्शक भांड्यात पोषक द्रावण भरायचे. रोप ते शोषून घेते, तसतशी पातळी खाली जाते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. वीज गेली तरी रोपाचे काही बिघडत नाही. झाकणामुळे शेवाळ धरत नाही, डासांनाही थारा मिळत नाही. उजेडाची खिडकी, एक डबा आणि कोथिंबीर किंवा पालक, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

महाराष्ट्राला ही वृत्ती परकी नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे द्राक्षबागाईतदारांपासून गच्चीवर भाजी लावणाऱ्यांपर्यंत अनेकांना एकच गोष्ट शिकविली : स्वतः करून पाहा, मोजा, नोंद ठेवा आणि शेजाऱ्यास सांगा. त्यांचा मार्ग मातीविना शेतीचा नव्हता. पालापाचोळ्यातून सकस माती घरीच निर्माण करण्यावर त्यांचा भर होता. पण ती शिस्त येथेही तितकीच लागू पडते. या तिन्ही शहरांतील शाळांनी हा प्रयोग हाती घेतला, तर त्याचे खरे चीज होईल. एक डबा साध्या पाण्याचा, दुसरा पोषक द्रावणाचा, तिसरा मातीचा. नत्र वगळले तर पाने पिवळी पडतात, हे विद्यार्थ्याने डोळ्यांनी पाहिले म्हणजे पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जिवंत होतो. जाहिरातीतील दाव्याची परीक्षा कशी घ्यावी, हा त्याहून मोठा धडा त्यास फुकटात मिळतो.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक होता कामा नये. नळाला दूषित पाणी आले म्हणून घरोघर गाळणयंत्रे बसली आणि नळाविषयीची ओरड मावळली, हा अनुभव ताजा आहे. भाजीचेही तसेच झाले, तर ज्यांस खिडकी आणि ऐपत आहे ते आपल्यापुरते सुटतील. उरलेल्यांच्या ताटात नाल्यावरची भाजी तशीच येत राहील. फाळणीनंतर लष्करी बराकींत उतरलेल्या निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले, ते एकमेकांच्या आधाराने. खिडकीतील डबा वालधुनीच्या शुद्धीला पर्याय ठरू नये. स्वच्छ पाण्यावर पालक कसा वाढतो, हे एकदा पाहिलेल्या नागरिकाने तेच पाणी नदीतही मागावे, यातच या प्रयोगाची सफलता आहे.