एकपाद

गेल्या मार्गशीर्षांत या सदरांत घरांतील जुनीं छायाचित्रें कशीं जपावींत याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र रत्नागिरी तालुक्यांतील एका भगिनीचें आहे. त्या लिहितात : "सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई आमच्यांत असतात. वय नव्वदीच्या पुढें गेलें. तीन वर्षें झालीं, त्यांना जिना उतरवत नाहीं. शिमग्यांत पालखी सहाणेवर नाचते ती त्यांना दिसावी म्हणून मी मोबाईलवर चलच्चित्र घेऊन येतें. पण तें इतकें हालतें कीं दोन मिनिटांत त्यांना घेरी येते, व 'पुरे ग बाई' म्हणून त्या डोळे मिटून घेतात. तिपाई न्यावी तर गर्दींत ती मांडावयास जागा नाहीं. दुकानदार म्हणतो, एका पायाची काठी घ्या. घ्यावी काय ? आणि घेतल्यास कोणती ?"

उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर, घ्यावी. मात्र दुकानदारानें जी पुढें केली तीच घ्यावी असें नव्हे. आणि ती नुसती यंत्राखालीं टेकली म्हणजे चित्र स्थिर झालें असेंही नव्हे. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

या वस्तूस बाजारांत मोनोपॉड म्हणतात. त्यांतील 'पॉड' हा ग्रीक शब्द व आपला 'पाद' हे एकाच कुळांतले, तेव्हां 'एकपाद' म्हणावयास कांहींच हरकत नाहीं. आपणांस तो शब्द नवा नव्हे. अज एकपाद् ही वेदांतील देवता, आणि पंचांगांत पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचें स्वामित्व तिच्याकडे आहे. वस्तुही आपल्या ओळखीचीच. सड्यावर गुरें राखणारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून तासन् तास उभा असतो, तो याच विद्येचा मूळ पुरुष होय.

पूर्वीं मात्र तीन पायांवांचून चालत नसे. सावेदादा या नांवानें ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या स्वागताचें चलच्चित्र मुंबईस घेतलें. (परांजपे आपल्या जिल्ह्यांतल्या मुर्डीचे, म्हणून ही गोष्ट सांगावयास मला विशेष गोडी वाटते.) त्या काळचा चलच्चित्राचा कॅमेरा हातानें दांडा फिरवून चालवावयाचा असे. एक हात दांड्यांत गुंतलेला, यंत्र जड. तिपाई नसती तर काय दिसलें असतें हें सांगावयास नको. आज यंत्र हलकें झालें आहे आणि त्यामुळेंच जास्त हालतें.

हातांतलें यंत्र मुख्यतः तीन तऱ्हांनीं हालतें : खालींवर होतें, डावी-उजवीकडे झुलतें आणि पुढें-मागें डुलतें. काठीनें पहिली हालचाल जवळ जवळ नाहींशी होते. बाकीच्या दोन कमी होतात, संपत नाहींत. शिवाय वजन हातांवरून जमिनीवर जातें. थकलेला हात कांपतो. माझ्यासारख्या साठी उलटलेल्याचा न थकतांही कांपतो. अशांना तर ही काठी म्हणजे आणखी दहा वर्षें चित्रें काढण्याची सोयच होय.

स्थिर चित्रांच्या बाबतींत जुना ठोकताळा असा कीं, भिंग २०० मिलिमीटरचें असेल तर पडदा सेकंदाच्या २०० व्या भागाहून अधिक वेळ उघडा ठेवूं नये. सरावलेल्या मनुष्यास काठीच्या आधारानें हा वेळ चौपट, क्वचित् आठपटही वाढवितां येतो. म्हणजे २०० व्या भागाच्या जागीं ५० वा, कधीं २५ वाही चालतो. सायंकाळच्या अपुऱ्या उजेडांत हा लाभ मोठा आहे. परंतु काठी आपला हात स्थिर करते, पालखी स्थिर करीत नाहीं. खांद्यांवर नाचणाऱ्या पालखीचें ठळक चित्र हवें असेल तर सेकंदाचा २५० वा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो, मग खालीं काठी असो कीं मेरुपर्वत असो.

आतां निवडीकडे वळूं. प्रथम उंची पाहावी. काठी पूर्ण उघडून, तिच्यावर यंत्र बसवून, तें ताठ उभ्या मनुष्याच्या डोळ्यापाशीं येतें कीं नाहीं हें दुकानांतच पाहावें. येत असेल तर वरती आणखी एक वीत लांबी आहे काय, तेंही पाहावें. दुकानाची फरशी सपाट असते. आपल्या पाखाड्या, घाट्या आणि जांभ्याचे कातळ सपाट नसतात. उतारावर काठीचें टोंक आपल्या पायांहून खालीं जातें, आणि मग तीच काठी तोकडी पडून मनुष्यास वांकून उभें राहावें लागतें. वांकलेला मनुष्य स्थिर राहात नाहीं.

दुसरें, काठी किती तुकड्यांची आहे तें पाहावें. तीन तुकड्यांची काठी ताठ असते व झटपट उघडते, परंतु मिटल्यावर लांब राहते. पांच तुकड्यांची पिशवींत मावते, परंतु तिचा शेवटचा तुकडा बोरूसारखा बारीक असतो व वजनाखालीं थरथरतो. घरच्या कामास चार तुकड्यांची बरी. उघडतांना जाड तुकडे आधीं उघडावे, बारीक तुकडा अडेल तेव्हांच. तुकडे आवळण्याच्या दोन तऱ्हा आहेत, पिळावयाची आणि खटक्याची. खटका लागला कीं नाहीं हें डोळ्यांना दिसतें, म्हणून घरांतील वडील मंडळींस तो सोयीचा. पिळाच्या काठीला बाहेर अडकणारें कांहीं नसतें, म्हणून गर्दींत ती बरी. दोन्ही पूर्ण उघडून वरून तळहातानें जोर द्यावा. जी सरकेल ती परत करावी.

आपलें यंत्र व भिंग मिळून जें वजन होईल त्याच्या निदान दुप्पट वजन पेलणारी काठी असावी. ॲल्युमिनियमची काठी स्वस्त. कार्बनतंतूंची हलकी, पण किंमत कित्येक पट. केवळ मोबाईलसाठीं कार्बनची घेणें हें मला उधळेपणाचें वाटतें. माथ्यावरचा स्क्रू बहुतेक यंत्रांस पाव इंचाचा लागतो, जड सामानास तीन-अष्टमांश इंचाचा. मोबाईलला स्क्रूचें भोंक नसतें. त्यासाठीं चिमटा वेगळा घ्यावा लागतो, आणि काठीहून चिमट्याची परीक्षा अधिक कसून करावी, कारण पडतो तो मोबाईल. गोलक असलेला माथा दिसावयास ऐटदार, परंतु सैल केला कीं यंत्र कोणत्याही बाजूस मान टाकतें. फक्त पुढें-मागें कलणारा साधा माथा एका पायाच्या काठीस पुरतो. चलच्चित्रासाठीं तेलकट मंद गतीनें फिरणारा, ज्यास फ्लुइड हेड म्हणतात तो, परवडल्यास घ्यावा.

कांहीं काठ्यांस खालीं कोंबडीच्या पंजासारखीं तीन लहान बोटें असतात. चलच्चित्रास तीं फार उपयोगी, कारण एका बोटावर पाय दाबून उभें राहिलें म्हणजे काठी तळाशीं घसरत नाहीं. परंतु तीं पाहून पुष्कळांस वाटतें कीं काठी आपली आपण उभी राहील. ती क्षणभर राहतेही, म्हणूनच घात होतो. यंत्र चढविलेली काठी हातांतून सोडूं नये, आणि पोराबाळांच्या घरांत तर मुळींच नाहीं. ओबडधोबड कातळावर हीं बोटें बसत नाहींत. तेथें तीं मिटून रबरी टोंकच टेकावें. पुळणींत तें टोंक रुततें. त्यावर आमच्याकडे उपाय सोपा आहे : नारळाची अर्धी करवंटी वाळूंत पालथी न घालतां उताणी बसवावी आणि काठीचें टोंक तिच्या पोटांत ठेवावें.

सांख्यांचा अंधपंगुन्याय वाचकांस ठाऊक आहेच. येथें कॅमेरा पांगळा आणि काठी आंधळी; दोघांस चालविणारा मनुष्य जर डुलत उभा असेल तर न्याय पुरा होत नाहीं. म्हणून उभें राहण्याची रीत शिकावी. काठी पायांशीं सरळ उभी न धरतां तिचें टोंक हातभर पुढें टेकावें, आपले दोन पाय फांकवून मागें ठेवावे, आणि किंचित् पुढें रेलावें. असे तीन पाय झाले, दोन आपले आणि एक काठीचा. कोपरें बरगड्यांस लावावींत. डाव्या हातानें काठीचा वरचा भाग धरून खालीं हळूच दाब द्यावा; नुसती धरलेली काठी डगमगते, दाबलेली डगमगत नाहीं. खांब किंवा दाराची चौकट जवळ असेल तर काठी तिला टेकवावी. खटका श्वास सोडून झाल्यावर दाबावा. प्राणायाम शिकलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. भिंगांत कंपनिवारणाची सोय असल्यास ती तिपाईवर बंद करावी असें सांगतात. काठीवर मात्र ती सहसा चालूच ठेवावी.

चलच्चित्रांत पाहणाऱ्यास घेरी येते ती सारी चौकट हालते म्हणून. पालखी हालली तर कोणासही घेरी येत नाहीं. देव नाचतो हें डोळ्यांना समजतें. म्हणून पत्रलेखिका भगिनीस माझें सांगणें असें कीं, पालखीच्या मागें यंत्र धांवडवूं नये. चौकट रुंद ठेवावी, एक दृश्य दहा-बारा सेकंद तसेंच राहूं द्यावें, पालखी चौकटींतून बाहेर गेली तर जाऊं द्यावी; ती परत येते. वळावयाचेंच असेल तर जेथें थांबावयाचें त्या दिशेस पाय आधीं रोंवावे, कमरेंतून मागें वळून आरंभ करावा आणि शरीर आपोआप सरळ होत जाईल तसें हळूहळू फिरावें. उलट केल्यास शेवटीं अंग पिळवटतें व चित्राला हिसका बसतो. टीव्हीवर दाखवावयाचें असल्यास मोबाईल आडवा धरावा. रात्रीं मांडवांतल्या नळीदिव्यांखालीं चित्रांत काळे पट्टे सरकतात, त्याचें कारण आपल्या विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असून दिवा सेकंदास १०० वेळां मंद-प्रखर होतो. पडद्याचा वेळ सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवला म्हणजे हे पट्टे जातात. मोबाईलच्या मांडणींत ५० हर्ट्झ अशी निवड असते, ती करावी.

गर्दीविषयीं मात्र मला कडक शब्दांत लिहावयाचें आहे. बारा वाड्यांच्या श्रीदेव भैरीची पालखी असो कीं आपल्या गांवची असो, पालखी खांद्यावर घेणाऱ्या भोयांस पायांखालचें दिसत नाहीं. तिरपी पुढें टेकलेली काठी त्यांच्या वाटेंत आली तर पडणारा मनुष्य एकटा पडत नाहीं. म्हणून गर्दींत ती सरळ, अंगाशीं, आपल्याच दोन पावलांमध्यें धरावी, व पालखी वळली कीं उचलून छातीशीं घ्यावी. चित्र जाऊं द्यावें. काठी डोक्यावर उंच करून वरून चित्र घेण्याचा मोह सर्वांस होतो, आणि तशीं चित्रें चांगलींही येतात. परंतु आपल्या आळींतून विजेच्या तारा किती खालून गेल्या आहेत तें आधीं मान वर करून पाहावें. ॲल्युमिनियममधून वीज वाहते हें सर्वांस ठाऊक असतें. कार्बनतंतूंतूनही वाहते, हें ठाऊक नसतें. त्याच कारणास्तव वैशाखांत वळवाचे ढग दाटून आल्यावर उघड्या सड्यावर ही काठी घेऊन उभें राहूं नये.

सड्याचें नांव निघालें म्हणून सांगतों. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ येथील कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादींत गेलीं, तेव्हांपासून पाहुणे आले कीं आपण त्यांना तिकडे नेतों. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. उभ्यानें काढलेल्या चित्रांत त्याचा आकार समजत नाहीं. तेथें मोकळ्या आकाशाखालीं काठी पूर्ण उघडून, यंत्र खालीं झुकवून, दहा सेकंदांचा आपोआप खटका लावून ती उंच धरावी. सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन असावें, म्हणजे उथळ रेघांत सांवली भरते; भर दुपारीं कातळ कोरा दिसतो. टोंक शिल्पाच्या रेघेंत कधींही टेकूं नये, आणि रबर झिजून आंतला धातु उघडा पडला असेल तर ती काठी कातळावर न्यावयाचीच नाहीं. जुन्या वास्तूंत व वस्तुसंग्रहालयांत तिपाईला अनेक ठिकाणीं मनाई असते. काठीला ती लागू नाहीं असें गृहीत न धरतां पहारेकऱ्यास विचारावें.

दोन तास चालणारें कीर्तन किंवा मुंजीचा सारा विधि घ्यावयाचा असेल तर काठीच्या नादास लागूं नये. तेथें तिपाईच हवी.

समुद्रावरून आल्यावर काठी तशीच कोपऱ्यांत उभी करूं नये. आपल्या खाऱ्या हवेंत ॲल्युमिनियमवर पांढरा बुरा चढतो, आणि पिळांत वाळूचा एक कण राहिला तरी तुकडे खरखरूं लागतात. सगळे तुकडे उघडून, माथा काढून, गोड्या पाण्यानें धुवावे, फडक्यानें पुसून सावलींत रात्रभर उघडेच ठेवावे, आणि पूर्ण सुकल्यावरच मिटावे. पिळांत खोबरेल घालूं नये; त्याला धूळ चिकटते. पावसाळ्यांत कापडी पिशवींत न ठेवतां मोकळी ठेवावी. पिशवीला बुरशी येते, व ती हातपट्ट्यालाही लागते.