हातगुण, पुड्या आणि पुरावा

"हजारो वर्षं चालत आलेल्या औषधाला चाचणी कसली लावता?" हे वाक्य सोलापुरात इतक्यांदा ऐकलंय की आता चीडच येते. इथं विड्या वळणाऱ्या बाईची बोटं म्हणजे तिचा पगार. आणि आमवात आधी बोटंच धरतो.

पुण्यात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद यांचं औषध १८२ रुग्णांवर १६ आठवडे तपासलं. साधारण निम्म्यांना खरं औषध, बाकीच्यांना दिसायला तसंच पण पोकळ. कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. निकाल २००० साली छापून आला. औषधवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला. आणि पोकळवाल्यांत? ३० टक्क्यांना! एवढ्या फरकावर औषध सिद्ध होत नाही.

मग "आमच्या मावशीला गुण आला" याला काय किंमत राहिली? मावशी खोटं बोलत नाही हो. हा आजार आपणहून चढतो-उतरतो, आणि माणूस वैद्याकडे जातो तो दुखणं चढलेलं असतानाच.

आयुर्वेदाची टिंगल करणाऱ्यांनीही फार हसू नये. वनस्पती नीट तपासता येतात हेच या चाचणीनं दाखवलं. माझा राग आहे तो न तपासता "मुळापासून बरं" म्हणत पुड्या विकणाऱ्यांवर. सांध्यांची बरीचशी हानी पहिल्या दोन वर्षांतच होते, आणि मेथोट्रेक्सेट वेळेवर सुरू झालं तर ती बरीच रोखता येते. ती दोन वर्षं पुड्यांत गेली तर विडी वळणार कोण? काही पुड्यांत गुपचूप स्टिरॉइड मिसळलेलं असतं, ते आणखी वेगळंच.