तंबोऱ्याला गाडीची चकाकी कशाला?

स्पष्टच लिहितो. मिरजेला तंबोरा घ्यायला जाऊन कारागिराला "जरा गाडीसारखा चमकला पाहिजे हं" असं सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो. आणि ही मंडळी कुणी परकी नाहीत, आपलीच आहेत. निगडी, चिंचवड, भोसरी, चाकण इथली. दिवसभर गाड्या बनवायच्या, संध्याकाळी भजनाला किंवा गाण्याच्या क्लासला बसायचं. त्यामुळे चांगलं फिनिश म्हणजे काय, याचं त्यांच्या डोळ्यांपुढचं माप एकच: शोरूममधली नवी गाडी. बोनेटमध्ये तोंड दिसलं पाहिजे!

माझी बरीच वर्षं एका वाहन कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गेली आणि तितकीच वर्षं मी भजनी मंडळात तंबोरा धरून बसतोय. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजतो. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पुढे वाचू नये :-)

आधी एक गैरसमज दूर करतो. माझं भांडण रंगाशी नाही. वाद्याचा रंग हा विषयच थिल्लर आहे, 'खऱ्या' कलाकाराला फक्त सुराशी देणंघेणं असतं, असं नाक वर करून म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांचंही मला पटत नाही. ज्या वस्तूला रोज मांडीवर घ्यायचं, तिच्या रंगावर प्रेम का असू नये? गणपतीत आपल्याकडची पथकं ढोलाच्या पिंपाला पथकाचा रंग देतात आणि ते झकास दिसतं. कुणाला गर्द तपकिरी, जवळजवळ काळा तंबोरा आवडतो, कुणाला लाकडाच्या रेषा दिसणारा फिका, कुणाला तांबूस. परंपरेचं म्हणाल तर तंबोऱ्यावर पूर्वी हस्तिदंताची नक्षी असायची. हस्तिदंतावर बंदी आली, त्या जागी सेल्युलॉइड आणि प्लास्टिक आलं. कुणाचा सूर त्यामुळे बिघडला नाही. तेव्हा "आमच्या वेळी असं नव्हतं" हा माझा मुद्दा नाही.

रंगावरून भांडणारे आपण एकटेही नाही. अमेरिकेत पेडल स्टील गिटार नावाचं एक वाद्य आहे. हवाईयन गिटारचं पुढचं भावंड म्हणा ना. (हवाईयन गिटार आपल्याला नवी नाही. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीला ब्रिजभूषण काबरांनी वाजवली ती आडवी गिटार आठवा.) पेडल स्टील टेबलासारखं चार पायांवर उभं असतं. डाव्या हातात लोखंडी कांडी, आणि पायाखालच्या व गुडघ्याजवळच्या दांड्यांनी वाजवता वाजवता तारांचा ताण बदलायचा. १९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने ते वाजवलं आणि अख्ख्या कंट्री संगीताला त्याचं वेड लागलं. या वाद्याचे वादक रंगावरून तावातावाने वाद घालतात. काळा बरा की मेपलच्या लाकडाचा मूळ रंग? लॅकर चांगलं की मायका? हो, मायका! आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली चिकटवतो तसलाच सनमायका. कित्येक नामांकित पेडल स्टील गिटारींना तो वरून चढवलेला असतो, आणि त्यातला काळा पुष्कळांचा लाडका.

आणि गाडीचा रंग वाद्याला देण्याची कल्पनाही काही चाकणमध्ये निघालेली नाही. ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' १९२०च्या दशकात गाड्यांसाठी आला. (आपल्याकडे कपाटाला ड्यूको मारतात, तो शब्द तिथलाच.) लिओ फेंडरच्या कंपनीने पुढे गाड्यांचे हेच रंग इलेक्ट्रिक गिटारींना दिले. तिचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' फोर्डच्या थंडरबर्ड गाडीवरून आला, आणि 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकवरून. आज जगभर लोक त्या रंगांवर जीव टाकतात. टाकू देत की.

मग तंबोऱ्यानेच काय घोडं मारलंय?

फरक वाद्याच्या पोटात आहे. इलेक्ट्रिक गिटार किंवा पेडल स्टील भरीव लाकडाचं. तारेखालचा चुंबक तारेचं कंपन पकडतो आणि आवाज स्पीकरमधून येतो. त्या लाकडावर मायका चिकटवा नाहीतर गाडीचा रंग मारा, फार बिघडत नाही. तंबोऱ्याला स्पीकर नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भीमाकाठचा वाळवलेला भोपळा, तुनीच्या लाकडाची पोकळ दांडी, आणि भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ लाकडी तबकडी. तार घोडीवर थरथरते, घोडी तबकडीला हलवते, तबकडी आतल्या हवेला. तीच तबकडी आपला स्पीकर. तिच्यावर प्लास्टिकचा जाड थर चढवला की तिचं वजन वाढतं आणि थरथरणं दबतं. रंग लाल की काळा याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो थर किती जाड आणि कशाचा, याने.

अतिशयोक्ती नको म्हणून हेही सांगतो. तंबोरा बोलतो तो मुख्यतः जवारीमुळे. जवारी नीट नसेल तर जगातलं उत्तम पॉलिशसुद्धा त्याला वाचवणार नाही. आणि पॉलिशमध्ये कसली गुप्त विद्याही नसते. स्ट्रॅडिव्हेरियसच्या व्हायोलिनच्या व्हार्निशमध्ये काहीतरी रहस्य आहे असं लोक पिढ्यानपिढ्या मानत आले. २००९ साली फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी त्याच्या पाच वाद्यांचे कण तपासले. तेल, झाडाची राळ आणि तांबडे रंगकण. एवढंच! त्या काळी कुठल्याही सुताराला, चित्रकाराला मिळेल असलं साहित्य. पण थर मात्र पातळ.

आता गाडीच्या चकाकीबद्दल, कारण ती कशी येते हे मला ठाऊक आहे. पत्रा धुतला जातो, फॉस्फेटिंग होतं, मग बॉडी ईडीच्या टाकीत बुडवतात, भट्टीत भाजतात, प्रायमर, बेस कोट, क्लिअर कोट, पुन्हा भट्टी. क्लिअर कोट साधारण १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. हे सगळं करून एकूण थर होतो साधारण एक दशांश मिलिमीटर. रोबो मारतो म्हणून सगळीकडे सारखा. आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर पत्रा गंजू नये म्हणून. भोपळा गंजत नाही हो!

तंबोरा १४० अंशांच्या भट्टीत घालता येत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. मग भट्टीशिवाय ती काच आणायची कशी? तर दोन डब्यांचा पीयू: एकात लॅकर, दुसऱ्यात हार्डनर. मिसळायचं, गनने मारायचं, आपोआप कडक होतं. लाकडाची छिद्रं भरून आरसा दिसेपर्यंत थरावर थर चढवायचे. म्हणजे हाताने मारलेला हा थर गाडीवरच्या थराहूनही सहज जाड होतो. गाडीसारखी चकाकी मागता मागता आपण गाडीपेक्षा जाड रंग वाद्यावर घेऊन बसतो.

आणि आता माझ्या रागाचं खरं कारण. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गन मारताना त्याचा बारीक फवारा श्वासात गेला तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वाफेनेही माणूस धापा टाकतो, आणि मग ते काम कायमचं सोडणं एवढाच उपाय उरतो. म्हणून पेंट शॉपमध्ये बंद बूथ असतो, वरून खाली हवा ओढली जाते, तिथे उभं राहायचंच असेल तर नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क असतो. माझी वर्षं त्या शिस्तीत गेली. लहान कारखान्यात यातलं काय असतं? दहा बाय बाराची खोली, एक कॉम्प्रेसर आणि तोंडाला बांधलेला रुमाल. रुमालाने आयसोसायनेट अडत नाही. ज्यांना कंपनीत सेफ्टी ऑफिसर दर महिन्याला हे ऐकवतो, तेच लोक रविवारी तंबोऱ्याच्या दुकानात जाऊन तसली चकाकी मागतात, याला काय म्हणावं?

जुनी पद्धत काय होती? लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर एक चिमुकला किडा जी लाख बनवतो ती साफ करून चपडा करायचा, स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने फिरवत राहायचं. हात फिरवला, वाळू दिला, पुन्हा हात. असे कित्येक. हेच फ्रेंच पॉलिश. स्पिरिटचा वासही काही अमृत नाही, खिडकी उघडीच हवी. पण त्यात आयसोसायनेट नाही आणि फवारा नाही. रंग हवा तो मिसळता येतो. चकाकीही येते, फक्त ती आतून आल्यासारखी दिसते. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे हे पॉलिश दुरुस्त होतं. ओरखडा आला, नवा हात मारला की त्यातलं स्पिरिट जुनी लाख मऊ करतं आणि दोन्ही एकजीव होतात. पीयूचं तसं नाही. तो एकदा कडक झाला की विरघळत नाही. भोपळ्याला तडा गेला (प्रवासात जातोच), की दुरुस्तीच्या जागेभोवतीचा सगळा थर पॉलिश पेपरने खरवडायचा, आणि नवा मारला तरी जोड दिसतोच. गाडी दहा-पंधरा वर्षांनी भंगारात जाते. तंबोरा आजीकडून नातीकडे जातो. मधे चार वेळा तो उघडावा लागणार, हे धरूनच बनवलेला असतो.

"पण लाखेवर पाणी पडलं की पांढरा डाग पडतो, आपल्याकडचा पाऊस बघा, घाम बघा." बरोबर आहे. लाख पाण्याला आणि उष्णतेला नाजूकच. पण बहुतेक वाद्यांचा भोपळा आतून कोराच असतो. बाहेरून काच चढवली तरी दमट हवा आतून शिरणारच. त्यावर इलाज गवसणी आणि कोरडी जागा. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा दिंडीतल्या विणेकऱ्यांच्या वीणा जवळून बघा. पाऊस आला की वर प्लास्टिकचा कागद, थांबला की काढला. हात लागून लागून दांडीवरचं पॉलिश उडालेलं, लाकूड गुळगुळीत झालेलं. त्या वीणेला "जुनी झाली" म्हणायची कुणाची हिंमत होईल?

"कारागीर स्वतःच पीयू सुचवतात, मग आमचा काय दोष?" आपलाच दोष. ते का सुचवतात? गनने काम भराभर उरकतं, लाखेच्या हातांना दिवसच्या दिवस जातात, आणि त्या दिवसांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. दुकानात शिरताच "काही कमी करा" सुरू. मिरजेत हे काम १९व्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. मुळात हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ते हाती घेतलं, फरीदसाहेब सितारमेकरांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने ती बातमी एकमेकांना पाठवली. अभिमान फुकट असतो. पॉलिशचे चार दिवस फुकट नसतात.

तेव्हा मंडळी, आणि आमच्या घरातलीही (पुतणीसाठी या दिवाळीत तंबोरा घ्यायचं चाललंय, म्हणून मुद्दाम लिहितोय), दुकानात गेल्यावर रंग खुशाल मनासारखा निवडा. तांबूस घ्या, काळपट घ्या, वाटलं तर हिरवा सांगा, मी काही म्हणणार नाही. मग विचारा, पॉलिश लाखेचं आहे का? किती दिवस लागतील? तेवढे दिवस थांबा. त्याचे वेगळे पैसे सांगितले तर निमूट द्या. पीयूच हवा असं कुणी म्हणालाच, तर तो कोण मारणार, कुठे मारणार आणि त्याच्या तोंडावर काय असणार, हे आधी विचारा. आणि मग तबकडीवर नखाने हलकी टिचकी मारून आवाज ऐका.

तोंड बघायला घरी आरसा आहे.